मुतर्जिम साहेबांची अट

सख्ख्या थोरल्या भावावर मी एकदा दावा लावायला निघालो होतो, ही गोष्ट मी हल्ली कुणाला सांगत नाही. नातवंडं म्हणतात, "आजोबा, तुम्ही अदालतीत होता ना, एखादा खटला सांगा की." मग मी त्यांना दुसऱ्यांचे खटले सांगतो. पण मुतर्जिम साहेबांबद्दल बोलायचं म्हटलं की माझं सोंग उघडं पडल्याशिवाय राहत नाही, कारण त्यांची न् माझी खरी ओळख झाली ती त्या दाव्याच्या कागदावरूनच. तेव्हा आधी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतो आणि मग त्यांच्याकडं वळतो.

निजामाचं राज्य होतं. औरंगाबादच्या अदालतीचा कारभार सगळा उर्दूत, आणि फिर्याद घेऊन येणारी निम्मीअधिक माणसं मराठी. त्यांची खतं, करारनामे, अर्ज सगळं मराठीत. त्यांचा उर्दूत तर्जुमा करून मुन्सिफापुढं, म्हणजे न्यायाधीशापुढं, ठेवणारा जो माणूस, त्याला मुतर्जिम म्हणायचे. आमचे मुतर्जिम साहेब शहरातल्याच एका जुन्या मुसलमान घरातले, पन्नाशी ओलांडलेले. उंच, वाळलेले, शेरवानीचं वरचं बटण कायम उघडं आणि चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. मराठी असं बोलायचे की ऐकताना माझ्यासारख्यानं मान खाली घालावी. रागावले की मात्र दखनीत शिरायचे.

मी त्यांच्या हाताखाली नक्कलनवीस होतो, म्हणजे कागदांच्या नकला उतरवणारा. माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे, आणि मी ते कान टवकारून ऐकायचो. लोकांना हे ठाऊक नव्हतं की लिहिलेल्यातलं मला निम्मंच कळायचं. मक्षिकास्थाने मक्षिका हा माझा बाणा. मूळ कागदावर पानाची पिंक उडाली असती तर नकलेत तीही मी सुबक काढली असती. पण अंगात शेरवानी, खिशात टाक, औरंगपुऱ्यात भाड्याची खोली आणि गल्लीतली पोरं 'अदालतवाले' म्हणायची. एवढ्यावर माणसाला चढायला वेळ लागत नाही, आणि मला तर मुळीच लागला नाही.

साहेबांना एक वेड होतं. माणूस माणसाला काय काय लागतो, याचे शब्द ते गोळा करायचे. त्यासाठी एक जाड वही होती, तिला खादीचं कव्हर शिवलेलं. दोस्त, यार, सोबती, सवंगडी, सोयरा, गुरुभाऊ, दूधभाऊ, बिरादरी, गोतावळा, हमसाया म्हणजे ज्याची न् आपली सावली एक तो शेजारी, खांदेकरी म्हणजे शेवटी खांदा देणारा. आता शब्द काय, कुणीही गोळा करील. साहेबांचं वेगळेपण पुढंच होतं. जन्म अदालतीत गेलेला, तेव्हा शब्दाला साक्षीदार लागतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक शब्दापुढं दोन जित्याजागत्या माणसांची नावं लागायची. हा माणूस ह्या शब्दाप्रमाणं वागला, मी डोळ्यांनी पाहिलं, असा खाली शेरा आणि सही. साक्षीदार नाही तर शब्द कच्चा.

'सोबती'ला साक्षीदार ढिगानं. 'जिवलग' हे पान तीन वर्षं कोरं. मी एकदा फार लाडात येऊन विचारलं, "साहेब, माझं नाव कशाखाली घालणार?" त्यांनी मन लावून अख्खी वही चाळली, दोन ठिकाणी थांबले, माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "'ओळखीचा' म्हणून एक शब्द आहे. तिथं जागा आहे, मियाँ." मी हसलो. घरी गेल्यावर माझं जेवणावरून लक्ष उडालं.

रस्त्यात कुणी भांडताना दिसलं की साहेब थांबायचे. भांडण सोडवायला नाही, ऐकायला. ते म्हणायचे, माणूस गोड बोलताना दहा शब्दांत भागवतो, भांडताना सगळं घर बाहेर काढतो. औरंगपुऱ्यातल्या भाजीबाजारात दोन माळणी एकदा एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात होत्या. साहेब मधोमध जाऊन उभे. "बाई, एक मिनिट. आत्ता काय म्हणालात? 'पाठची असून पाठ फिरवलीस'? पुन्हा म्हणा बरं." ती बाई गोंधळून पुन्हा म्हणाली. साहेबांनी वही काढून लिहून घेतलं, नाव विचारलं, गाव विचारलं. तेव्हा कळलं की दोघी बहिणी. तोवर त्यांचा भांडायचा सूर गेला तो गेलाच. "हा येडा कोण गं?" म्हणत दोघी हसायला लागल्या. साहेब मात्र हिरमुसले. पुढं आणखी दोन-तीन शब्द मिळाले असते, असं त्यांना वाटत राहिलं.

कुणाच्या तरी जबानीत एकदा 'इर्जिक' हा शब्द आला. एखाद्याचं शेत मागं राहिलं की गावातले सगळे आपापली औतं घेऊन एका दिवसात त्याचं रान नांगरून देतात, आणि तो त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालतो, ती इर्जिक. साहेबांनी हे ऐकलं मात्र, तीन दिवसांची रजा टाकली आणि त्या साक्षीदाराबरोबर त्याच्या गावी गेले. गावकऱ्यांनी साहेबांच्याच हातात नांगराचं रुमणं दिलं. साहेबांनी दोन तासं काढली न् तिसऱ्याला ढेकळात आडवे झाले. परतले ते सुजलेल्या पायानं, लंगडत, आणि तोंड कसं फुललेलं! "दोन कशाला, बावीस साक्षीदार मिळाले! एकानं बी दाम मागितला नाही!" पुढं पंधरा दिवस अदालतीत जो येईल त्याला ते इर्जिक समजावून सांगत होते. शेतकऱ्यांनासुद्धा.

हे झालं त्यांचं वेड. आता अट.

भावाभावांचे कागद साहेब वेगळ्या बस्त्यात बांधायचे. हिरवं फडकं, वर दोन गाठी. त्या बस्त्यातल्या कागदाचा तर्जुमा ते लगेच करत नसत. दावा लावणाऱ्या भावानं तो कागद आधी दुसऱ्या भावासमोर, साहेबांच्या खोलीत बसून, स्वतःच्या तोंडानं वाचायचा. वकिलानं नाही, कारकुनानं नाही. वाचता येत नसेल तर त्यानं तोंडानं सांगायचं, पण सांगायचं त्याच्या डोळ्यांकडं बघून. "जो शब्द ज्याच्यावर फेकला, तो आधी त्याच्या कानावर पडू दे," ते म्हणायचे. "परक्या जबानीत मी तो नंतर घालतो. एकदा उर्दूत गेला की तो तुमचा राहत नाही, सरकारचा होतो." कायद्यात असलं काही नव्हतं. वकील बोटं मोडायचे. मुन्सिफ साहेब मात्र कानाडोळा करायचे, कारण हिरव्या बस्त्यातले बरेचसे कागद त्यांच्या टेबलापर्यंत यायचेच नाहीत.

सगळेच काही गळ्यात गळा घालून जात होते असं नाही हां. एका थोरल्यानं धाकट्याचा कागद ऐकता ऐकता दौत उचलून फेकली, ती धाकट्याला न लागता साहेबांना लागली. शेरवानीवर पोटापासून गुडघ्यापर्यंत निळा ओहोळ. साहेबांनी ती शेरवानी टाकली नाही, धुतली नाही. "ही 'भाऊबंदकी'ची पहिली साक्षीदार. दुसरा मिळेपर्यंत राहू दे." आणि तीच घालून मुन्सिफापुढं उभे राहायचे.

मी हे सगळं लांबून बघत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर त्या पायरीवर पगार घेऊन बसलेला, तेव्हा माझ्या शहाणपणाचं काय वर्णन करावं!

झालं असं. आमचं गाव हर्सूलच्या पुढं, अजिंठ्याच्या रस्त्याला. वडील गेल्यावर शेत दादा बघायचा. आठ एकर रान, एक विहीर, एवढ्यावर त्याची बायकापोरं, बैल आणि म्हातारी आत्या. माझी शाळा, माझं उर्दू, माझी शेरवानी हेही त्याच रानातून निघालेलं. पण हे मी तेव्हा आठवत नव्हतो. मी आठवत होतो फेटा.

दादाच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मी ऐटीत गेलो. शेरवानी, तिच्यावर काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी. मांडवात आमच्याकडच्या रीतीनं मानकऱ्यांना फेटे बांधत होते. पहिला मान चुलत्याचा, म्हणजे माझा. दादा फेटा घेऊन माझ्यापर्यंत आला, थबकला, पुढं गेला आणि तो फेटा त्यानं गावच्या सुताराला बांधला. मी बघतच राहिलो. शंभर माणसांत! न जेवता उठलो, तसाच शहराकडं चालू लागलो. दादा मागून हाका मारत होता, मी वळलो नाही. वाटेतच ठरवलं की आता वाटणी. निम्मं रान, निम्मी विहीर. त्या विहिरीचे दोन भाग झाले तर दादाचं रान वाळणार, हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, कळत होतं म्हणूनच तर मजा वाटत होती.

दाव्याचा अर्ज मी स्वतः लिहिला. उर्दू कामापुरतंच, म्हणून मराठीत. तीन आठवडे लागले. "सदरहू इसम माझा सख्खा थोरला भाऊ असून बालपणापासून त्याचे मनात माझेविषयी काळेबेरे आहे." "वडिलांचे पश्चात् त्याने संपूर्ण इस्टेट गिळंकृत केली." आठ एकरांना इस्टेट म्हणताना माझाच ऊर भरून आला. खोलीत एकटा फेऱ्या मारत मोठ्यानं वाचायचो, आणि एखादं वाक्य फारच जमलं की पुन्हा वाचायचो. खऱ्याला धरून किती होतं, ते विचारू नका. वाक्याला तोल यावा म्हणून मी दोन-तीन गुन्हे दादाच्या पदरात जास्तीचे घातले होते.

साहेबांपुढं कागद ठेवला. मला वाटलं, आपण अदालतीतले, आपल्याला कसली अट? साहेबांनी वाचला. "वा! काय अक्षर!" म्हणाले, घडी घातली, हिरव्या बस्त्यात ठेवला आणि दोन गाठी मारल्या.

"भावाला बोलाव."

"साहेब, तो शेतकरी माणूस. हरभऱ्याचे दिवस आहेत, विहिरीवर मोट चालू असंल..."

"मंग मैं बुलातूं." रागावले होते.

त्यांनी हर्सूलच्या बाजारला जाणाऱ्या कुणाबरोबर निरोप धाडला. पुढच्या गुरुवारी या. ते आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. एकट्यानं फेऱ्या मारत वाचणं वेगळं. तेच दादाच्या तोंडावर वाचणं वेगळं. आधी ताप आणायचा विचार केला. मग वाटलं, कागद गुपचूप काढून 'कपटी' तेवढं खोडावं, 'लबाड' राहू द्यावं. पण बस्ता साहेबांच्या पेटीत आणि किल्ली त्यांच्या जानव्यासारख्या गळ्यातल्या दोऱ्याला. शेवटी ठरवलं, भरभर वाचायचं. इतकं भरभर की कुणाला काही कळूच नये.

गुरुवारी दादा आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. वहाणा दाराबाहेर काढल्या, साहेबांना रामराम केला. काखेत हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी. ती माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "तुला आवडत्यात म्हनून आनले. घाटे भरलेत बघ." कशासाठी बोलावलंय हे त्याला निरोप्यानं सांगितलेलं होतं. तरी आणले.

साहेब म्हणाले, "बसा, पाटील. खाली नको, खुर्चीवर." आणि माझ्याकडं वळून, "वाच, बर्खुरदार. सावकाश."

झालं! भरभर वाचायची वाट तिथंच बंद. मी वाचायला लागलो. "सदरहू इसम" म्हणताना आवाज चिरकला. "काळेबेरे" खाली बघून म्हटलं. साहेबांनी टेबलावर बोट वाजवलं, म्हणजे वर बघ. मी वर बघितलं. दादा पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. गिळंकृत केली, कपटाने, दुष्ट हेतूने, सगळं ऐकलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पान संपलं तेव्हा मी श्वास घ्यायला थांबलो.

दादा साहेबांना म्हणाला, "कसं पान्यावानी वाचतोय बघा, सायेब. कुठं आडत नाय. आमच्या घरान्यात आसं वाचनारा कुनी झाला नव्हता."

मला वाटलं, ह्याला कळलंच नाही. म्हटलं, "दादा, हे तुझ्यावर आहे."

"व्हय की. मी हाय ना त्यो सदरहू. कळतंय मला. वाच म्होरं."

पुढं चतुःसीमा होती. म्हणजे शेताच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. दाव्याचा सगळा भार ह्या चार ओळींवर असतो. मी वाचलं, "पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान..."

"थांब थांब," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या कपाळाला आठी पडली. "वढा उगवतीला?"

"हो."

"आरं, कामून घाई केली लिहायला? सांजच्याला आपुन वढ्यावरून रानात यायचो, तवा दिवस तोंडावर असायचा का पाठीवर?"

मी डोळे मिटले. ओल्या चड्ड्या, पायाला चिखल, दादा पुढं, मी मागं. "पाठीवर," मी म्हणालो.

"मंग वढा कुठं? मावळतीला. आन् गायरान उगवतीला. उलटं लिवलंस तू. आसा कागद मुन्सफापुढं गेला तर तुहा दावा पहिल्याच दिवशी फेकून देतील का नाय?" मग साहेबांकडं वळून काळजीनं म्हणाला, "सायेब, दुरुस्त करता येतंय ना? ल्हान होता तवाच शाळंला आला शेहरात. त्याला न्हाई ध्यानात ऱ्हायलं."

उत्तराची वाट न बघता दादा बोटांवर मोजत पुढं सांगत चालला. विहीर मधोमध नाही, दक्षिणेच्या अंगाला आहे. खालचा अर्धा एकराचा पट्टा लिहायचा राहिलाय, तोही लिही. "आन् गोठ्यामागली चिच ऱ्हायली की! ती लिही. ती वाटनीत घालू नको, ती सगळीच तुही. तू झालास तवा आईनं लावलेली."

अहो, जिच्यावर वाद चालला आहे ती जमीन कुठल्या दिशेला आहे हे फिर्यादीला ठाऊक नाही, आणि ज्याच्यावर फिर्याद तो त्याला सांगतोय! अदालतीत एवढी वर्षं काढली, असला खटला मी पाहिला नाही. आणि माझा कोतेपणा असा की पहिल्यांदा मला लाज वाटली ती दादाशी असं वागल्याची नाही. साहेबांसमोर चूक निघाली, एवढ्याचीच वाटली.

साहेब म्हणाले, "आणखी एक कलम आहे. वाच."

ते शेवटचं. "भर मांडवात फेटा न बांधता माझा मानभंग केला."

दादाचं तोंड उतरलं. सगळा कागद ऐकताना उतरलं नव्हतं ते तिथं उतरलं.

"ते व्हय... म्हनून तू न जेवता गेलास?" तो आपल्या हातांकडं बघायला लागला. "आरं, फेटा घेऊन तुह्याजवळच आलो होतो की मी. तुह्या डोक्याला सरकारी टोपी. ती काढ म्हनू कसं? मांडवात चार लोकं वळखी-बिनवळखीचे. सरकारची टोपी उतरवून भावानं पटका बांधला, आसं कुनी जाऊन सांगितलं आन् तुही नौकरी गेली, तर? भ्यालो मी. तू वळखशील, वाटलं."

आता सांगूनच टाकतो. ती टोपी सरकारी नव्हती. नक्कलनवीसाला कोण टोपी देतो? शेजारच्या खोलीतल्या कारकुनाकडून मी ती दोन दिवसांसाठी मागून नेली होती, गावात मिरवायला. ती माझ्या डोक्याला घट्ट होत होती, तरी लग्नात मी तिला हात लावला नव्हता. एवढ्या टोपीपायी मी भावाच्या रानाला पाणी तोडायला निघालो होतो. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी दिशा न विचारता आत गेलो असतो.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "क्या बोलते? दुरुस्त्या करून तर्जुमा करू?"

माझ्या तोंडून 'दावा नको' निघायला पाहिजे होतं. निघालं काय? "पुन्हा लिहून आणतो, साहेब." मेला अहंकार, सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात तसा.

"पुन्हा लिहायचं तर डोळ्यांनी बघून लिही. उद्या जुम्मा, अदालत बंद. आज जा भावाबरोबर."

"चल की," दादा म्हणाला. "गाडी भाईरच सोडलीय."

टेबलावरची पेंडी घेऊन मी बैलगाडीत बसलो, हर्सूल मागं पडलं. मग दादा डहाळे सोलून हरभरे माझ्या हातावर ठेवायला लागला आणि मी खायला लागलो. शुक्रवारी सकाळी त्यानं मला रानाच्या चारी बाजूंनी फिरवलं. बांधाचा प्रत्येक दगड पायानं दाखवला. ह्याला हात लाव, हा आपला, त्याच्या पल्याड दुसऱ्याचं. ओढा दाखवला, गायरान दाखवलं. विहिरीवर उभं करून म्हणाला, "ही दक्षिण. झाल्या चारी दिशा. आता लिही, चुकायचा नाय."

तो टोमणा मारत नव्हता हो. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. त्याला खरंच माझा कागद बिनचूक व्हायला हवा होता. मी विहिरीच्या काठावर बसलो आणि शेरवानीच्या बाहीत तोंड घालून रडलो. दादा घाबरला. "काय झालं रं? आजून काय लिवायचं ऱ्हायलं का?"

शनिवारी अदालतीत गेलो. साहेब वाटच बघत होते.

"कागद आणलास?"

"नाही, साहेब. नाही लावायचा दावा."

वा नाही, शाबास नाही. बस्ता सोडला, माझा अर्ज काढून माझ्यापुढं सरकवला आणि दुसऱ्या कुणाचा तरी कागद वाचायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "मग काल दिवसभर केलं काय?"

मी सांगितलं. दगड, ओढा, विहीर. मग घरी आलो, वहिनीनं दोन ताटं घेतली. दादानं एक ताट परत ठेवायला लावलं. लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवायचो, तसे जेवलो.

साहेबांनी मान वर केली. "एका ताटात? दोघं?"

"हो."

"म्हणजे कसं? भाकरी कोण मोडतो?"

"थोरला मोडतो."

"आणि आधी घास कोण घेतो?"

मला हसू आलं. एवढा शब्दांचा माणूस, आणि हे काय विचारतोय! म्हटलं, "साहेब, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला? तुमच्या भावाबरोबर कधी..."

"मला भाऊ नाही, मियाँ," ते म्हणाले. "बहीणही नाही. मी एकटाच."

तीन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसत होतो. त्याच्या वहीतले भावांचे सगळे शब्द मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून दिले होते. तुम्हाला भाऊ आहे का, एवढं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मला माझाच राग आला.

साहेबांनी टाक खाली ठेवला होता. "सांग ना. आधी कोण?"

"धाकटा," मी म्हणालो. "थोरला कालवण धाकट्याच्या बाजूला सारतो, आणि धाकट्यानं घास घेतल्याशिवाय स्वतः घेत नाही."

ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. "भाकरी मोडतो तिथपासून सांग," म्हणाले. मी तिथपासून सांगायला लागलो.